पुण्यात चांगले लेदर बूट दुरुस्त करून मिळतात का, की सरळ नवेच घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की बूट अकरा हजारांचे आहेत, कडेने शिलाई असलेले, तीन वर्षांत सोल पुढून पातळ झाला आणि टाच एका अंगाला झिजली, तर पुण्यात कुठे द्यावेत. शेवटी एक वाक्य टाकलंय: "फुटपाथवर बसणाऱ्यांकडे मात्र द्यायचे नाहीत." मी उत्तर लिहायला बसलो ते त्या वाक्यामुळे. याच समजुतीपायी मी माझे बूट एकदा पार वाया घालवले होते.

माझे बूट २०१३ चे. चॉकलेटी, घोट्याच्या वर येणारे, साडेनऊ हजारांचे. भोसरीतल्या नोकरीत त्या वर्षी पहिल्यांदा बरा बोनस मिळाला आणि तो जवळजवळ सगळा मी पायात घातला. चार वर्षं रोज वापरले. २०१७ च्या मे महिन्यात सोल बदलायला आला.

मी गेलो एका एसी दुकानात. काचेचा दरवाजा, छापील पावती, बुटांना कापडी पिशवी, काम झालं की मोबाईलवर मेसेज. नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने बूट उलटा करूनही पाहिला नाही, सोळाशे रुपये आणि चार दिवस सांगितले. बूट परत आले तेव्हा नव्यासारखे चकाकत होते. जुलैत राजगडावरून चोर दरवाज्याने गुंजवण्याकडे उतरताना डाव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि दर पावलाला चिखल आत घेऊ लागला. सॅकचा बंद काढून बांधला. पायथ्याशी येईपर्यंत उजवाही सुटला होता. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "पाण्यात वापरलेत, गॅरंटी बसत नाही." पुण्यातल्या पावसाळ्यात बूट पाण्याबाहेर कसे वापरायचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी दाजींच्या स्कूटरवर बसून कॅम्पात गेलो. पूल गेटच्या बाजूला एक काका बसायचे, साठीच्या पुढचे. गटई कामगारांना, म्हणजे चपला-बूट शिवणाऱ्यांना, सरकारी योजनेतून पत्र्याचा स्टॉल मिळतो, तसला स्टॉल, पण काका बसायचे त्याच्यापुढे, उजेडात. लष्करातल्या लोकांचे बूट करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दाजी चपलेचा अंगठा शिवून घ्यायला त्यांच्याकडे जायचे, म्हणून ओळख. काकांनी बूट मांडीवर उलटा घेतला, सुटलेला सोल मागे वाकवला आणि कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत गेले, टाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्ये थांबून मला म्हणाले, "इथं पट्टी होती. घासून टाकलीय."

ही पट्टी म्हणजेच तुमच्या अकरा हजारांतला मोठा भाग, म्हणून नीट सांगतो. वरचं कातडं आणि आतला तळ यांना कडेने चामड्याची एक पट्टी शिवलेली असते, तिला वेल्ट म्हणतात. बाहेरचा सोल शिवायचा तो या पट्टीला. सोल झिजला की टाके कापायचे, सोल काढायचा आणि नवा त्याच पट्टीला शिवायचा, वरच्या कातड्याला आरी, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार, लागतच नाही. मधल्या पोकळीत बूच भरलेलं असतं, ते वापरून वापरून आपल्या पायाच्या आकाराने दबतं. जाहिरातीत गुडइयर वेल्ट म्हणतात ते हेच. यातला गुडइयर म्हणजे रबर पक्कं करायची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरचा मुलगा. दुकानाने काय केलं, तर ती पट्टी ग्राइंडरवर सपाट केली, बूच खरवडून फेकलं आणि वरून रबरी सोल चिकटवला. तोही धड नाही. चिकटवायची रीत अशी, की दोन्ही बाजू कानशीने खरखरीत करायच्या, दोन्हींना सोल्यूशन लावायचं, बोटाला लागेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग जोडून ठोकायचं. काकांनी सोलची आतली बाजू माझ्यापुढे धरली. ती कारखान्यातून आली तशी गुळगुळीत होती, सोल्यूशनने तिला धरलंच नव्हतं.

काका म्हणाले, नवी पट्टी हाताने शिवावी लागेल, दोन्ही बुटांना, मग बूच, मग सोल. बावीसशे रुपये, बारा दिवस.

दाजी म्हणाले, "बावीसशे? इथं बसून?" मग म्हणाले, आठशेत करा, लोक एवढ्यात नवे घेतात. काकांनी उत्तर दिलं नाही. दोन्ही बूट जोडीने, माझ्याकडे तोंड करून पोत्यावर ठेवले आणि पुढच्या बाईंची चप्पल उचलली. मी गप्प उभा होतो. एसी दुकानात सोळाशे रुपयांना मी एक शब्द बोललो नव्हतो, निमूट कार्ड पुढे केलं होतं. इथे माझ्या बुटाचं दुखणं दोन मिनिटांत ओळखणाऱ्या माणसाचा भाव माझ्यादेखत पाडला जात होता आणि मी बूट उचलून स्कूटरवर बसलो. ते मला अजून लागतं.

शनिवारी एकटा गेलो. म्हटलं, काका, त्या दिवशी चुकलं. ते म्हणाले, "बूट आणलेत ना?" पैसे तेवढेच सांगितले, ना कमी ना जास्त. त्यानंतर दोन-तीनदा ऑफिसातून येता येता तिथे जाऊन बसलो. दोऱ्याचे पदर मांडीवर वळून एक करायचे, मेणाच्या ढेपेवरून दोनदा ओढायचे, मग आरी. आरी ते जुन्याच भोकात घालायचे, प्रत्येक भोक आधी चाचपून. मी विचारलं, नवीन का पाडत नाही, पटकन होईल. म्हणाले, "भोकाशेजारी भोक पाडलं की कातडं टपालाच्या तिकिटासारखं फाटतं." नुसती पट्टी शिवायला एकेका बुटाला दीड दिवस लागला.

ते बूट आजही माझ्या पायात आहेत. २०२२ मध्ये सोल परत बदलला, त्याच पट्टीला शिवून, अठराशे रुपयांत. आता हिशेब. साडेनऊ हजार, वाया गेलेले सोळाशे, बावीसशे, अठराशे, मिळून १५,१०० रुपये आणि बारा वर्षं. दाजी दर दीड वर्षाला अडीच हजारांचे बूट घेतात. बारा वर्षांत आठ जोड, वीस हजार रुपये, आणि त्यातला एकही जोड आज घरात नाही. तरी दर भाऊबीजेला पानावर बसलं की ते ताईसमोर म्हणतात, याने बावीसशे रुपये फुटपाथवर घालवले. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर आकडे वर दिलेत. तुम्हाला महाग वाटलं ते काम बघून नाही, माणूस जमिनीवर बसला होता म्हणून.

आता तुमच्या बुटांचं. आधी शिलाई खरी आहे का बघा. कडेच्या टाक्यात सुईचं टोक घाला, खरा टाका थोडा उचलला जातो. खोटी शिलाई म्हणजे टाक्यांचा ठसा असलेली पट्टी असते, सगळी एकसंध हलते. शिलाई बुटाच्या आत, तळव्याखाली फिरलेली दिसली तर ती वेगळी जात, तिला यंत्र लागतं, हाताने करायला देऊ नका. टाचेचं रबर मात्र याच आठवड्यात बदला, रबर संपून आतल्या चामड्याच्या थरापर्यंत झीज गेली की खर्च वाढतो. कुठेही द्या, एवढं विचारा: पट्टी ठेवणार का, आणि शिवणार की चिकटवणार? नवे घ्यायचे कधी, तर बोटांपाशी जिथे घडी पडते तिथे कातड्याला आरपार तडे गेले असतील तेव्हाच. तिथे शिलाई धरत नाही.

प्रत्येक स्टॉलवर हे काम होत नाही, हेही खरं. पुष्कळांकडे फक्त सोल्यूशन असतं, कारण गिऱ्हाईक तेवढ्याचेच पैसे देतं. एसी दुकानांत साफसफाई आणि रंगाचं काम चांगलं होतं, तेवढ्यापुरतं जा. मी दिलेले भाव जुने आहेत, आता जास्त लागतील. कपाटात पडून ज्याचा भुगा होतो तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, सोल असतो, दमट हवेने तो आतून तुटतो, त्याला चिकटवण्यात पैसे घालू नका, अख्खा बदला. कारखान्यातले सेफ्टी शूज दुरुस्त करून वापरू नका. भिजलेले बूट हीटरसमोर ठेवू नका, वर्तमानपत्र कोंबा आणि दर काही तासांनी बदला.

काका दोन वर्षांपूर्वी गावी गेले. मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो हे काम करत नाही. मी आता रास्ता पेठेत एकांकडे जातो, पण त्यांना विचारल्याशिवाय पत्ता इथे टाकणार नाही. तुम्ही बूट पिशवीत घालून सकाळी कॅम्प आणि रास्ता पेठेत चालत फिरा. भाव सांगायच्या आधी जो बूट उलटा करून कड बघेल, त्याच्याकडे द्या. शनिवारी नको, त्या दिवशी त्यांना मान वर करायला वेळ नसतो.