पदाच्या आधीचं वाक्य

प्रश्न: माझी मुलगी १३ वर्षांची आहे. आम्ही ठाण्यात राहतो. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेपर्यंत तिचं गाणं झालंय. तिला संगीत नाटकात काम करायचं आहे. तिथून पुढे मालिका-सिनेमात जाता येईल का? गाणं तयार आहे, तर आता अभिनयाचा कोणता क्लास लावावा?

उत्तर:

जाता येईल. क्लासचं शेवटी बघू, कारण "गाणं तयार आहे, आता अभिनय लावायचा" या तुमच्या वाक्यापाशीच माझं घोडं अडलंय. माझ्यासारख्या, ऑर्गनच्या स्टुलावर बसणाऱ्या माणसाला हे वाक्य दर सीझनला ऐकावं लागतं. मुलीचं रागज्ञान, तानांची तयारी, परीक्षेतले गुण यावर पालक तासभर बोलतात. पदाच्या आधीचं वाक्य ती कसं बोलते, हे कुणी सांगत नाही. संगीत नाटकात नट तिथेच कळतो. आणि पडद्यावर पुढे जे उपयोगी पडतं तेही तेच.

नवी मुंबईत एका हौशी संस्थेचा 'सौभद्र' झाला, त्याचंच घ्या. सुभद्रेला अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. विशारदची तयारी चाललेली, आवाज गोड, तिन्ही सप्तकांत फिरणारा. पहिला अंक टाळ्यांत गेला. तिसऱ्या अंकात वरचा षड्ज फाटला आणि त्यानंतर ती सावरलीच नाही. बाहेर चहाच्या टपरीवर निकाल लागला: "आवाज बसला बिचारीचा." आवाज बसला नव्हता. चार गोष्टी एकावर एक चढल्या होत्या, आणि त्यातल्या तीन गळ्याच्या नव्हत्याच.

पहिली गोष्ट सुराची. महिनाभर तिचा घरचा रियाज फोनवरच्या तानपुऱ्यावर, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून. ॲपची काळी चार म्हणजे बरोब्बर प्रमाणित काळी चार. प्रयोगाला आणलेला ऑर्गन जुना. त्याची काळी चार जरा चढी होती, काळी चार आणि तिच्या शेजारची पांढरी सहा यांच्यातलं साधारण पाव अंतर वर. कानाला हे पटकन कळत नाही, गळ्याला कळतं. महिनाभराची सवय स्वर खाली ओढते, ऑर्गन वर ओढतो, आणि गाणारी प्रत्येक ठहरावावर कणभर उतरलेली वाटते. पहिल्या अंकात उत्साहात निभतं. दोन तास ही रस्सीखेच केली की गळ्याचे स्नायू दमतात. उपाय फुकटचा आहे: तालमीच्या पहिल्याच दिवशी, जो ऑर्गन प्रयोगाला येणार त्याचा षड्ज वीस सेकंद फोनवर रेकॉर्ड करा. घरी तानपुऱ्याच्या ॲपमध्ये बारीक ट्यूनिंगची सोय असते, ती एकेक पायरी सरकवत दोन्ही आवाज एकत्र वाजवा. सूर जवळ येतात तशी त्यांच्यातली थरथर मंदावते, जुळले की थांबते. तिथे ठेवा आणि प्रयोग होईपर्यंत हलवू नका.

दुसरी गोष्ट माइकची. कॉलर माइक पदराच्या आत, छातीवर लावला होता. वर ठुशी, त्याखाली मोहनमाळ. ती वळली की माळ माइकवर घासायची आणि स्पीकरमधून खरखर. साउंडवाल्याने काय करावं? त्याने तिची पातळी खाली घेतली. बाहेर आवाज कमी झाला म्हणून तिने जोर लावला, जोर लावला म्हणून त्याने आणखी खाली घेतलं. नऊवारीत दागिने असतील तर माइक भांगाच्या सुरुवातीला, केसांच्या रेषेत लावायचा. वायर अंबाड्यातून मानेमागून खाली, ट्रान्समीटर कमरेला, घामासाठी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मुंडावळ्या असतील तर माइक कानशिलाशी न्या, नाहीतर मोत्यांचा पाऊस ऐकू येतो. बॅटऱ्या दर प्रयोगाला नव्या. कालच्या बॅटऱ्या नेमक्या तिसऱ्या अंकात मान टाकतात.

तिसरी, मॉनिटर नव्हता, म्हणजे नटाला साथ ऐकू यावी म्हणून त्याच्याजवळ ठेवतात तो स्पीकर. मागची भिंत रंगमंचापासून २५ मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला साधारण ०.१५ सेकंद लागतात. जवळ मॉनिटर नसला की नट त्या परतलेल्या आवाजाला धरून गातो आणि लय मागे खेचतो. तबलजी पुढे, गाणारी मागे, ऑर्गन दोघांची समजूत काढत. विंगेत छोटा मॉनिटर मागा. त्यात फक्त ऑर्गन आणि तबला, स्वतःचा आवाज नको.

आता चौथी गोष्ट, आणि माझं भांडण हिच्यावरून आहे. या मुलीचं प्रत्येक पद एकाच पद्धतीने सुरू व्हायचं. वाक्य संपायचं. ती थांबायची. दोन पावलं पुढे यायची, माझ्याकडे बघायची, आवंढा गिळायची, श्वास भरायची आणि मग षड्ज. त्या तीन-चार सेकंदांत सुभद्रा निघून जायची आणि परीक्षेला बसलेली विद्यार्थिनी उरायची. प्रेक्षागृहात खोकले तिथेच सुरू होतात.

नीट कसं करायचं ते सांगतो. काळी चारचा बायकांचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झचा. तरुण बाईचं सहज बोलणंही साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतं. म्हणजे शांत वाक्य षड्जाच्या दारातच संपतं, दार फक्त ढकलायचं. पण सुभद्रा चिडलेली असते, रडवेली असते. मग बोलणं मध्यम-पंचमापर्यंत चढतं आणि तिथून एकदम षड्जावर उतरलं की जिना चुकल्यासारखं वाटतं. म्हणून पदाचा पहिला स्वर कोणता ते आधी बघायचं आणि शेवटचे तीन-चार शब्द त्या स्वराच्या शेजारी आणून सोडायचे. गाऊन नाही, बोलूनच. श्वास शेवटच्या शब्दानंतर घ्यायचा नाही. त्याआधीच्या अर्धविरामाला घ्यायचा, म्हणजे वाक्याचा शेवट आणि पदाचा उठाव एकाच श्वासात येतो. ऑर्गनवाल्याला क्यू शब्द द्या, नजर नको. शेवटून दुसऱ्या शब्दावर मी हलकेच सूर धरतो, तो प्रेक्षकाला कळतही नाही.

सराव असा. पद आधी गद्यासारखं वाचायचं, अर्थाप्रमाणे थांबत. मग टाळी धरून तालात बोलायचं. मग एकही तान-हरकत न घेता साधं म्हणायचं. मग सहा पावलं चालत, मग हातात तबक घेऊन. तबक हलायला लागलं की श्वास खांद्यातून घेतला जातोय असं समजावं. ताना सगळ्यात शेवटी. पदाच्या आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्यं प्रत्येक वेळी सोबत घ्यायची, पद एकटं कधीच म्हणायचं नाही. नंतरच्या वाक्यांचं कारण वेगळं: टाळी पडली की मुली हसतात. सुभद्रेला टाळी ऐकू येत नसते.

यावर सुगम संगीतवाले मित्र म्हणतात, "एवढी कटकट कशाला? ट्रॅक लावा, सूरही पक्का आणि लयही." पंधरा वर्षं हा वाद चाललाय. ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, सुरात असतो, कबूल. पण तो थांबत नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला शनिवारी रात्री एका वाक्यावर हशा येतो, वाशीच्या भावे नाट्यगृहात रविवारी दुपारी तिथेच शांतता असते. वाक्य कधी चार सेकंदांचं होतं, कधी सातचं. ट्रॅकला बांधलेली मुलगी हशा संपायच्या आत बोलते किंवा सूर येईपर्यंत रिकामी उभी राहते. दोन्हींत नट मरतो.

पडद्याशी याचा संबंध काय? सगळा संबंध आहे. कॅमेऱ्यासमोर गळा आणि चेहरा वेगळे करता येतात. २०११ च्या 'बालगंधर्व'मध्ये चेहरा सुबोध भावेंचा, गळा आनंद भाटेंचा. २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये खाँसाहेब सचिन पिळगावकर, गायले राहुल देशपांडे. त्याच सिनेमात सदाशिव सुबोध भावे, गायले महेश काळे. भाटे आणि काळे दोघांनाही त्या गाण्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण पडद्यावर दिसले दुसरेच. म्हणजे नुसतं गाणं तयार असेल तर सिनेमा गळा ठेवून घेतो आणि माणसाला घरी पाठवू शकतो. दोन्ही एकाच अंगात असणारे थोडे. 'मी वसंतराव'मध्ये राहुल देशपांडे स्वतः उभेही राहिले आणि गायलेही. आणि नुसत्या रंगभूमीवरच्या मोठेपणाने पडदा वश होत नाही, हे तर १९३५ सालीच दिसलं. प्रभातच्या 'धर्मात्मा'त खुद्द बालगंधर्व एकनाथ झाले, सिनेमात रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परतले.

सेटवर गाणं तुकड्यांत चित्रित होतं. अंतरा सकाळी, मुखडा दुपारी, एकच ओळ दहा वेळा. प्लेबॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं गाणं, लावलेला असतो. नवखे फक्त ओठ हलवतात आणि गळ्याची शीर हलत नाही, लगेच खोटं दिसतं. प्लेबॅकवर खऱ्या आवाजात गायचं, श्वास रेकॉर्डिंगमध्ये जिथे आहे तिथेच घ्यायचा. पदं करणाऱ्या मुलीला हे आयतं येतं. तिचं अडतं ते दुसरीकडे. गडकरीच्या बाल्कनीला गायची सवय झालेली नजर क्लोजअपमध्ये छताकडे जाते. तानेबरोबर उडणारा हात फ्रेमबाहेर कापला जातो. शब्दाला लावलेला जोर ओरडणं वाटतो. घरी मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवून तेच पद बाल्कनीसाठी एकदा आणि शेजारी बसलेल्या आईसाठी एकदा म्हणायला लावा. फरक तिचा तिलाच दिसेल.

ऑडिशनची टेप पाठवायची झाली तर मोबाइल आडवा, मागे साधी भिंत, खिडकी तोंडासमोर. पाठीमागे खिडकी ठेवली की चेहरा काळा पडतो. नाव, वय, उंची, गाव, भाषा, मग दोन्ही बाजूंचा चेहरा, मग प्रवेश. गाणं मागितलं नसेल तर गाऊ नये. मागितलं तर तीस-चाळीस सेकंद, वाद्याशिवाय. ऑडिशनसाठी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो, त्याला नमस्कार करून फोन ठेवावा.

पैशांचं थोडक्यात: नाटकात प्रयोगागणिक 'नाईट', म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते, हौशी संस्थेत बहुधा वडापाव. मालिकेचे पैसे सर्रास ९० दिवसांनी येतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मुलगी १३ ची आहे, म्हणजे चौदाच्या आतली. पडद्याच्या कामासाठी निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचे किमान २० टक्के तिच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. घोडबंदर रोडच्या सेटवर मालिकेची शिफ्ट बारा तासांची असते, हे लक्षात ठेवूनच हो म्हणा. परवानगीचा कागद स्वतः बघा, "ते आम्ही बघतो" चालणार नाही.

दुसरं, या वयात मुलींचाही आवाज बदलतो. मुलांसारखा फुटत नाही म्हणून घरात कळत नाही. आवाजात हवा मिसळते, वरचा स्वर आज लागतो, उद्या लागत नाही. तेव्हा जोर लावून तार सप्तक काढून घेणाऱ्या गुरुजींपासून वर्षभर लांब राहा. पट्टी एका स्वराने उतरवली तर नाक कापलं जात नाही. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा, ज्येष्ठमध नंतर.

आणि ट्रॅकबद्दल जरा जास्त बोललो. ट्रॅकचे तुकडे पाडून, नटाच्या वाक्यावर बोट ठेवून एकेक तुकडा सोडणारा ऑपरेटर असेल तर निभतं. असे मी दोन पाहिलेत.

आता क्लास. नुसत्या अभिनयाचा सध्या लावूच नका. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा आणि बालनाट्याचा वेगळा विभाग असतो. ठाणे-वाशीतली जी हौशी मंडळी त्यात उतरतात त्यांच्या तालमीला तिला आधी नुसतं बसू द्या, कोरसात उभी राहू द्या, पडदा ओढू द्या. ठाण्याच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या छोट्या सभागृहातलं छोटं काम पहिल्यांदा बरं, आवाज ताणावा लागत नाही. बारावीनंतर पुण्याचं ललित कला केंद्र, पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी, ते पुढचं पुढे. तरीही क्लास लावायचाच म्हणालात तर पहिल्या दिवशी विचारा, पदाच्या तालमीला ऑर्गन किंवा पेटी कोण वाजवतं. "ब्लूटूथ स्पीकर आहे ना" असं उत्तर आलं तर फी भरू नका.