हॅलोला मराठीत काय म्हणावं? खळं!

प्रश्न रत्नागिरीच्या एका शिक्षिकेचा आहे. विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी त्या ‘तरुण सक्रिय दीर्घिकांभोवती क्ष-किरण सोडणाऱ्या तप्त वायूचा हॅलो’ असं वाक्य लिहीत होत्या आणि ‘हॅलो’पाशी अडल्या. (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह.) (देवनागरीत तो शब्द वाचला की कुणीतरी फोन उचलल्यासारखं वाटतं, हे खरंच.) ‘तेजोवलय’ चालेल का, की ‘खळं’ म्हणावं? पण मुलं म्हणतील, खळं तर आमच्या दारात आहे!

दारात आहे म्हणूनच म्हणावं. हॅलो हा शब्द मुळात ग्रीक ‘हॅलोस’. त्याचा अर्थ मळणीची गोल जागा, आणि त्यावरून सूर्यचंद्राचं बिंब, त्याभोवतीचं कडं. आपलं खळं संस्कृत ‘खल’वरून आलं, तेही मळणीचंच, ऋग्वेदाच्या 10व्या मंडलात खळ्यावरच्या पेंढ्या झोडपण्याची उपमा आहे. दोन्ही शब्दांचं एकमेकांशी नातं नाही, तरी दोन्ही भाषा शेतातून थेट चंद्रावर गेल्या. चंद्राला खळं पडलं की पावसाची वाट बघणारे आपण, आणि पाऊस सरला की तांबडी माती घालून, चोपून, शेणाने सारवून भाताच्या झोडणीला खळं करणारेही आपणच.

‘तेजोवलय’ मला दोन कारणांनी नको वाटतं. एक, वलय म्हणजे बांगडी, मधे पोकळ. हा वायू दीर्घिकेला सगळीकडून वेढून असतो. चंद्राचं खळंही कडंच असतं, हे मान्य. पण मळणीचं खळं कसं, मधल्या तिवड्यापासून (म्हणजे बैल ज्याभोवती फिरतात त्या खांबापासून) कडेपर्यंत भरलेलं! (ते सपाट आणि हा वायू गोळ्यासारखा, एवढी खोट राहतेच.) दुसरं, डोळ्यांना दिसेल असं तेज इथे नाही. वायूचं तापमान कोटी अंशांच्या घरात, म्हणून तो क्ष-किरण सोडतो, आणि विरळ इतका की एका घनमीटरमध्ये जेमतेम काही हजार कण. ते किरण आपलं वातावरण अडवतं. त्यामुळे 1999 साली अवकाशात सोडलेल्या ‘चंद्रा’सारख्या दुर्बिणी लागतात. ‘प्रभामंडल’ वाईट नाही, पण तो शब्द सूर्याच्या कोरोनासाठीही (म्हणजे त्याच्या सर्वात बाहेरच्या वातावरणासाठी) वापरतात आणि आपल्याकडे ऐकणाऱ्याला देवामागची चांदीची प्रभावळ आठवते.

‘तरुण’च्या पुढे मात्र एक ओळ जोडा, नाहीतर मुलं फसतील. या दीर्घिका आज तरुण नाहीत. 10 अब्ज वर्षांपूर्वी निघालेले किरण आज पोचतात, म्हणून आपल्याला त्यांचं तरुणपण दिसतं. ‘सक्रिय’ म्हणजे मध्यावरच्या कृष्णविवरात पदार्थ पडत असतो आणि तो पडताना सुटणाऱ्या ऊर्जेने भोवतालचा वायूही तापतो.

तेव्हा लिहा, ‘तप्त वायूचं खळं’. आणि शक्यतो एकवचनीच ठेवा. अनेकवचन ‘खळी’ केलंत तर दीर्घिकेच्या गालावर पडलेली वाटेल.