विद्यमान आमदार-खासदाराला निवडणुकीत पदाचा फायदा होतो की तोटा? बेळगाव भागात काय अनुभव आहे?

दोन्ही होतं, आणि आमच्याकडे ते एकाच घरात बघायला मिळतं. चिक्कोडी लोकसभेला 2009 ला रमेश कत्ती निवडून आले. 2014 ला त्यांना प्रकाश हुक्केरींनी पाडलं, 2019 ला हुक्केरींना अण्णासाहेब जोल्लेंनी आणि 2024 ला जोल्लेंना प्रियांका जारकीहोळींनी. पण त्याच मतदारसंघातल्या निपाणीत अण्णासाहेबांच्या पत्नी शशिकला जोल्ले 2013, 2018 आणि 2023 अशा सलग तीनदा आमदार झाल्या. पक्ष तोच भाजप, माणसं तीच.

माझ्या मते फरक कामाच्या जवळिकीचा आहे. माझ्या काकूंची विधवा पेन्शन अडली होती. अर्ज कन्नडमध्ये, उतारा कन्नडमध्ये, काकूंना त्यातलं एक अक्षर वाचता येईना. शेवटी आमदाराच्या कचेरीतल्या पोराने बसून अर्ज भरला, वर शिफारसपत्र जोडलं. तेव्हापासून त्या घरातली पाच मतं कुणाला जातात हे विचारावं लागत नाही. मराठी माणसाला इथे कागदासाठी मध्यस्थ लागतो, आणि ज्याच्या हातात पद आहे तोच मध्यस्थ होतो. खासदाराकडे असल्या कामाला कोण जातंय? (पण खासदार पडतोच असंही नाही. बेळगावात सुरेश अंगडी 2004 पासून चारदा निवडून आले.)

कर्नाटक राज्यात मात्र लोक सरकार बदलतातच. 1985 नंतर कुठलाही सत्ताधारी पक्ष स्वबळावर परत आलेला नाही.

दुसरं कारण समोरची फूट. 2023 ला निपाणीत राष्ट्रवादीचे उत्तम पाटील आणि काँग्रेसचे काकासाहेब पाटील दोघेही उभे होते. दोघांची बेरीज जोल्लेंच्या मतांपेक्षा जास्त भरते. आणि फूट घरातलीच असेल तर पदावरचा माणूसही वाचत नाही. 2018 ला खानापुरात अरविंद पाटील महाराष्ट्र एकीकरण समितीचे (सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी मराठी संघटना) विद्यमान आमदार होते. समितीत दोन गट पडले, त्यांच्यासमोर समितीचेच विलास बेळगावकर उभे राहिले. दोघांची मतं एकत्र धरली तर निवडून आलेल्या काँग्रेसच्या अंजली निंबाळकरांपेक्षा जास्त होती. निकालादिवशी वडील दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. पाच वर्षांनी निंबाळकरही पडल्या आणि जागा भाजपच्या विठ्ठल हलगेकरांकडे गेली. समितीकडे ती अजून परत आलेली नाही.