मासाच्चोचा लेख सुधारताना

मासाच्चो या पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकारावरचा लेख सुधारायला हाती घेतलात, फार बरं वाटलं. आधी पहिल्या परिच्छेदातले ‘महान’, ‘अद्वितीय’ हे शब्द काढा आणि त्याने केलं काय ते लिहा. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमधलं त्याचं ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र घ्या, साधारण १४२७ चं. कमानदार छताचे रंगवलेले चौकोन मागे मागे लहान होत जातात आणि सपाट भिंतीत खोल दालन असल्याचा भास होतो. एवढं नीट उतरवलंत, तर वाचकाला त्याचं मोठेपण वेगळं सांगावं लागत नाही.

कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीवर डोळे झाकून विसंबू नका. त्याचा चरित्रग्रंथ १५५० चा, मासाच्चो गेला १४२८ मध्ये. म्हणून ‘वसारीच्या म्हणण्यानुसार’ असं स्पष्ट लिहा. मासाच्चोच्या पिसातल्या वेदीचित्रासाठी (चर्चच्या वेदीवरच्या चित्रासाठी) १४२६ मध्ये पैसे दिल्याच्या नोंदी आहेत. असा पुरावा असेल तिथे तोच आधी द्या.

फ्लॉरेन्समधल्या ब्रांकाची चॅपेलच्या भित्तिचित्रांचा भाग सावकाश करा, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे मासाच्चोसोबत काम करणाऱ्या मासोलिनोचं काम कुठलं, मासाच्चोचं कुठलं, नंतरच्या फिलिपिनो लिप्पी या चित्रकाराने पुढे काय पूर्ण केलं, हे वेगवेगळं मांडा. तिथल्या आदम-ईव्हच्या चित्राचा फोटो निवडताना जपून: अंगावर पानं दिसली तर तो जुना. ती पानं नंतर कुणीतरी रंगवलेली होती, १९८० च्या दशकातल्या सफाईत काढली.