सानुग्रह मदत मागावी की नुकसानभरपाई?

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलंय: लाँचमधून जेट्टीवर उतरताना फळी सरकली आणि भाच्याचा पाय मोडला. लाँचमालकाला पत्र लिहायचं आहे. 'सानुग्रह मदत मिळावी' असं लिहावं की 'नुकसान भरपाई मिळावी'? अर्थ एकच ना? आणि 'नुकसान भरपाई' तोडून लिहायचं की जोडून?

जोडून लिहा. सामासिक शब्द आहे, आणि शेवटचं पद 'भरपाई' असल्यामुळे अख्खा शब्द स्त्रीलिंगी. नुकसान झालं, पण नुकसानभरपाई मिळाली. अर्थ मात्र एक नाही, आणि इथे फरक नुसता शब्दांचा नाही, पैशांचाही आहे.

'सानुग्रह' म्हणजे अनुग्रहासह. अनुग्रह गुरू करतो, देव करतो. आपण तो मागायचा, हक्क सांगायचा नाही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेचे कर्मचारी दिवाळीच्या ज्या रकमेला 'बोनस' म्हणतात, तिला कागदावर 'सानुग्रह अनुदान' म्हणतात, ते याचसाठी. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. तीही मदतच. चूक कोणाची हे ठरायच्या आधी, सगळ्यांना सारखी. दिवाळी आणि मृत्यू, दोन्हीला सरकारी मराठीत एकच विशेषण पुरतं, हे मला तरी खटकतं.

शंका आली की क्रियापद बघावं. मदत 'जाहीर' होते, तिचे धनादेश 'सुपूर्द' केले जातात आणि फोटो निघतो. भरपाईचा 'दावा' लावावा लागतो, ती 'मंजूर' होते, नाही दिली तर 'वसूल' करता येते. मदत घेतली म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही, हेही सांगून ठेवतो. 'एकदा पैसे घेतलेत, आता काय' असं ऐकवणारे भेटतातच.

'भरपाई' हा भरणे आणि पावणे यांचा शब्द. जेवढी तूट तेवढं भरून पावणे. 'भरून पावलो' हे आता आपण वैतागून म्हणतो, पण मुळात ती देणं फिटल्याची कबुली. मालक किंवा विमा कंपनी थोडी रक्कम पुढे करून 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या पावतीवर सही मागते, तेव्हा ती हीच कबुली लिहून घेत असते. प्लास्टर निघायच्या आत ती सही करू नये.

तूट मोजून भरायची म्हटल्यावर हिशेब आला. खलाशाचंच उदाहरण घ्या. कामावर असताना तो अपघातात गेला, तर १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) हिशेब असा होता: पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. पगार १५,००० धरला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. पगार यापेक्षा जास्त असला तरी हिशेबाला १५,०००च धरत. ही कोणाची कृपा नव्हे, गणित आहे.

उरण-पनवेलकडे या सगळ्यालाच 'मोबदला' म्हणायची सवय आहे, कारण सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हापासून तो शब्द घराघरांत आहे. पण मोबदला म्हणजे बदल्यात मिळालेलं. जमीन दिली, पैसे किंवा भूखंड घेतला. पाय कोणी बदल्यात दिलेला नसतो. पत्रात तो शब्द नको.

आता 'क्लेम'. ठाण्यात अपघात म्हटला की लोक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात क्लेम टाकायला निघतात. ते रस्त्यावरच्या वाहनांसाठी. लाँच पाण्यावर चालते, त्यामुळे तिथे उपयोग नाही. तुमच्या भाच्याने तिकीट काढलं होतं, म्हणजे तो ग्राहक झाला. बोटसेवेतल्या हयगयीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यामुळे ती राहत्या ठिकाणच्या आयोगातही चालते, मालकाच्या गावी खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची. तिकीट आणि दवाखान्याची बिलं आत्ताच एका फाइलीत घाला. असेल तर जेट्टीवरचा फोटोही.

हे प्राणावर बेतलं असतं, तर पत्नी, पती, आईवडील, मुलं यांच्यासाठी १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा आहे. इंग्रजांच्या काळचा, पण अजून लागू. त्यालाही मुदत दोनच वर्षांची.

पत्रातलं वाक्य असं करा: 'फळी नीट न बांधल्यामुळे माझ्या भाच्याच्या पायाला झालेल्या दुखापतीबद्दल, उपचारांचा खर्च आणि बुडालेला पगार धरून, … रुपये नुकसानभरपाई द्यावी.' आकडा बिलांवरून भरा. 'नम्र विनंती' ठेवायची तर ठेवा, पण 'सानुग्रह' आणि 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' हे दोन्ही काढून टाका. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.