डिझेलमध्ये वनस्पती तेलापासून केलेली ॲडिटिव्ह (इंधनात थोड्या प्रमाणात मिसळायचे पदार्थ) खरंच उपयोगी पडतात का?

हो, आणि सगळ्यात मोठा फायदा वंगणाचा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ (भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकाचं) डिझेल आलं. त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग. गंधक काढताना डिझेलला मुळात वंगण देणारे घटकही निघून जातात आणि इंधनपंप झिजू लागतो. डिझेलच्या वंगणक्षमतेच्या चाचणीत ६ मिमीची पोलादी गोळी ६० अंशांवरच्या डिझेलमध्ये ७५ मिनिटं चकतीवर घासतात. झिजेचा डाग ४६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत हवा. सोयाबीन किंवा करंज तेलाचं बायोडिझेल (तेलावर रासायनिक प्रक्रिया करून केलेलं इंधन) १-२ टक्के मिसळलं तरी हा डाग बराच लहान होतो, कारण त्याचे रेणू धातूला चिकटून पातळ थर धरतात. पण कृपा करून घरचं गोडेतेल टाकीत ओतू नका! ते दाट असतं, इंजेक्टरवर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागावर, काजळी धरतं.