दुकानदार म्हणतो फिटिंग, फिटर म्हणतो माल

प्रश्न: मी निपाणीत राहतो, मोटरसायकल केए-२३ पासिंगची. कोल्हापुरातल्या एका दुकानातून चार एलईडी इंडिकेटर १,४०० रुपयांना घेतले आणि इथल्या गॅरेजात ४०० रुपये मजुरी देऊन बसवले. इंडिकेटर लुकलुकवणारा रिले जुनाच ठेवला. लावल्यापासून दोन्ही बाजूंचे इंडिकेटर फार जलद लुकलुकतात, मधूनच एका बाजूचे बटण दाबले की चारही पेटतात. पहिल्या पावसात मागच्या उजव्याच्या काचेआड पाणी साचले आणि तो बंद पडला. दुकानदार म्हणतो फिटिंग चुकले, फिटर म्हणतो माल हलका. शोरूमवाले म्हणतात, वायर कापली, आता वॉरंटी विसरा. वर हायवेला पोलिसांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली ५०० रुपयांचा दंड केला आणि पुढच्या वेळी ऑल्टरेशनचे, म्हणजे गाडीत बदल केल्याचे, पाच हजार लावू म्हणून बजावले. सगळा खर्च दंडासकट दुकानदाराकडून मिळेल का? तक्रार बेळगावला करू की कोल्हापूरला?

उत्तर: सगळा मिळणार नाही. तुमच्या पत्रात तीन दोष आहेत आणि तिन्ही एकाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. कोणता कोणाचा हे आधी ठरवा, कारण हे न ठरवता पाठवलेल्या नोटिशीला दुकानदार एका ओळीत उत्तर देऊन मोकळा होईल.

जलद लुकलुकणे हा बहुधा मालाचा दोष नाही. कंपनीच्या गाडीत साधारण १० वॉटचे बल्ब असतात, एका बाजूला दोन मिळून २० वॉट. जुना रिले या भारावर चालतो. एलईडी जेमतेम एक-दोन वॉट खाते, त्यामुळे बल्ब उडाला अशी रिलेची समजूत होते आणि तो घाई करतो. इलाज म्हणजे भारावर न चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर रिले. घेताना जुन्याच्या पिना मोजा, दोन की तीन, आणि तीन असतील तर कोणती पिन कशाला जाते तेही जुळवा. काही फिटर याऐवजी प्रत्येक बाजूला रेझिस्टर जोडून देतात. तोही चालतो, पण बल्बची वीज तो उष्णतेत घालवतो आणि चटका बसेल इतका तापतो. प्लास्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला चिकटवून बांधला तर नवे दुखणे सुरू. माझे मत रिलेच्या बाजूने.

चारही पेटण्याचे कारण बहुतेक वेळा मीटरमध्ये सापडते. ज्या गाडीत डाव्या-उजव्यासाठी मीटरवर एकच दिवा असतो, तिथे तो दोन्ही बाजूंच्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. चालू बाजूचा प्रवाह त्या दिव्यातून दुसऱ्या बाजूला जाऊन अर्थ होतो, म्हणजे बॅटरीच्या मायनसला पोचतो. बल्बला तेवढ्याने काही होत नाही, एलईडी मात्र पेटते. यासाठी १एन४००७ नंबरचे दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लागतात, प्रत्येक बाजूच्या वायरीला एक. डायोडची पांढऱ्या पट्टीकडची टोके एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थला. किंमत किरकोळ. मीटरवर दोन वेगळे बाण असतील तर मात्र अर्थिंग तपासा. रबरी दांडीच्या किंवा प्लास्टिक मडगार्डवर बसवलेल्या इंडिकेटरला बॉडीची अर्थ मिळत नाही, काळी वायर वेगळी न्यावी लागते. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे इंडिकेटरच्या काळ्या वायरीला. इंडिकेटर चालू असताना ०.२ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थ कच्ची.

हे दोन्ही दोष फिटिंगचे. कोणत्या गाडीला काय लागते हे बसवणाऱ्याने जाणायला हवे, पैसे त्याचेच घेतले. दुकानदाराला यात ओढता येईल ते फक्त ‘सरळ बसतात, काही बदलावे लागत नाही’ असे त्याने सांगितल्याचा, किंवा खोक्यावर छापल्याचा पुरावा असेल तर. म्हणून खोके टाकू नका.

उरला पाण्याचा दोष. तुमचा खरा दावा इथे आहे. पण एक गोष्ट आधी पाहा. काही इंडिकेटरना निचऱ्यासाठी बारीक छिद्र असते आणि ते खाली यायला हवे. फिटरने डावा-उजवा अदलाबदल करून बसवला असेल तर छिद्र वर येते, मग पाणी आत जाणारच, आणि दुकानदार सुटला. छिद्र खाली असेल किंवा नसेलच, आणि तरीही आत पाणी साचले, तर माल सदोष. नुसती वाफ धरणे आणि थोड्या वेळाने ती निघून जाणे हा दोष मानू नका, त्यावर तक्रार टिकणार नाही.

आता हे सिद्ध कसे करायचे? बंद पडलेला इंडिकेटर सोडवा आणि मागच्या डाव्याच्या वायरींवर जोडा, चालू असलेला डावा उजवीकडे जोडा. बंद दिवा डावीकडेही बंद राहिला आणि चांगला उजवीकडे पेटला, तर वायरिंग निर्दोष, माल खराब. उलट उजवीकडे चांगलाही पेटला नाही, तर जोड तपासा. वायर न सोलता दाबून बसवायचे निळे-लाल क्लिप पावसात हमखास दगा देतात. शेवटी बंद इंडिकेटर फ्यूज असलेल्या वायरीने थेट बॅटरीला लावून पाहा, प्लस-मायनस दोन्हीकडून, कारण एलईडी उलटी जोडली तर पेटत नाही. बॅटरीवर इंजिन चालू असताना व्होल्टेजही बघा. साडेतेरा ते साडेचौदा ठीक, पंधराच्या वर गेले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि एलईडी त्यानेच जळली असे उत्तर येईल.

ही तपासणी घरी करून थांबू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा पक्की पावती देणाऱ्या दुसऱ्या गॅरेजला करायला लावा आणि जॉब कार्डावर लिहून घ्या: ‘मागील उजवा इंडिकेटर थेट १२ व्होल्टवर पेटत नाही, आत पाणी, इंडिकेटरची बॉडी उघडलेली नाही, निचऱ्याचे छिद्र खाली, चार्जिंग व्होल्टेज अमुक.’ काच स्वतः उघडू नका, सिलिकॉनही भरू नका. त्या क्षणी पुरावा संपला. या कागदाला महत्त्व आहे ते असे: चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. चौदाशेच्या मालासाठी ही पायरी परवडत नाही.

पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असेलच. घाबरू नका. सदोष माल पावतीतल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणेही त्यातच येते. म्हणून ३० दिवस उलटण्याआधी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह आणि पोचपावतीच्या स्पीड पोस्टने लेखी कळवा, १५ दिवसांची मुदत द्या. कच्ची चिठ्ठीच असेल तर यूपीआयचा व्यवहार जोडा. पोस्टाच्या उत्तराची वाट पाहताना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. एवढ्या रकमेचे वाद बरेचदा तिथेच मिटतात.

नाहीच मिटले तर आयोग. कलम ३४ मुळे तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे दुकान महाराष्ट्रात असले तरी बेळगावचा जिल्हा आयोग तुम्हाला खुला आहे. पण निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव जवळपास दुप्पट लांब. फक्त दुकानदाराविरुद्ध जायचे असेल तर कोल्हापूर सोयीचे: विक्री तिथली आणि कागद मराठीत चालतात. फिटरलाही प्रतिवादी करायचे असेल तर बेळगाव धरा, मात्र तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत आणि मराठी पावतीसोबत भाषांतर. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे.

दंडाचे ५०० रुपये मागू नका. गाडीचे दिवे चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची, बंद इंडिकेटरने हायवेवर जाण्याचा निर्णय तुमचा. ही मागणी घातली की बाकीच्या दाव्याचेही वजन कमी होते.

पाच हजारांची धमकी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) ची आहे: नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ऑल्टरेशनची व्याख्या त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, रचनेतला असा बदल ज्याने गाडीचे मूळ वैशिष्ट्य बदलते. नुसते इंडिकेटर बदलणे त्यात बसत नाही असा युक्तिवाद करता येतो, पण तो करायला दिवा नियमात हवा: रंग अंबर, मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारा, पुढून-मागून स्वच्छ दिसणारा. तुमचे जलद लुकलुकणारे आज या मोजमापात बसतात का, घड्याळ लावून मोजा. निळे-पांढरे किंवा धावत्या पट्टीचे दिवे लावले असतील तर युक्तिवादाचा भरवसा धरू नका.

शोरूमकडून नकार लेखी मागा, त्यात वॉरंटी पुस्तिकेतली अट आणि नाकारलेला भाग नमूद असू दे. कापलेल्या वायरिंगची वॉरंटी जाणे समजू शकते. त्याच कारणावरून इंजिन किंवा क्लच नाकारत असतील तर तो स्वतंत्र तक्रारीचा विषय. तोवर कंपनीचे जुने इंडिकेटर आणि जुना रिले परत बसवून घ्या, तवंदी घाटात पावसात बंद दिव्याने उतरू नका. काढलेले चारही नवे, बंद असलेला आणि चालू असलेले, खोक्यासह वेगळे ठेवा. दुकानदार ‘बघतो’ म्हणून मागेल, तेव्हा लेखी पोच घेतल्याशिवाय हातात देऊ नका.